कंदील कोणी फाडला? ब्लांशची गोष्ट, सोप्या भाषेत

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. बीएला इंग्लिश लिटरेचर, दुसऱ्या दिवशी वर्गात 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या अमेरिकन नाटकावर प्रेझेंटेशन, ब्लांश ही त्यातली नायिका. "मामा, तू नाटकाबिटकाचं करायचास ना, मग मला एकच सांग. ही ब्लांश खोटारडी आहे का वेडी आहे? गाईडमध्ये एका पानावर लिहिलंय ती भ्रमात जगते आणि पुढच्याच पानावर लिहिलंय ती सगळ्यांना फसवते. दोन्ही एकदम कसं असेल?"

प्रश्न एकदम बरोबर आहे बरं का. जो स्वतःच भ्रमात आहे तो कोणाला फसवत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. आणि जो फसवतोय त्याला खरं काय ते पक्कं ठाऊक असतं. गाईडवाले दोन्ही वाक्यं लिहून मोकळे होतात, पोरं दोन्ही पाठ करतात. तिला फोनवर वीस मिनिटं काहीबाही सांगितलं पण नीट सांगता आलं नाही असं नंतर वाटत राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. नाटक नुसतं सिलॅबसमधलंही राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ब्रुकलिनला पॉल मेस्कल या सिनेनटाला स्टॅन्लीच्या भूमिकेत घेऊन त्याचे प्रयोग झाले आणि भाचीच्या फोनमध्ये त्या पॉल मेस्कलचे फोटो आहेत. म्हणजे स्टॅन्ली तिला ठाऊक होता, ब्लांश कोण ते मामाला विचारायला लागलं.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी नट नाही, दिग्दर्शक नाही, समीक्षक तर नाहीच नाही. हौशी ग्रूपमध्ये दहाबारा वर्षं लाईट केले, बास. पण हे नाटक लाईटवाल्याच्या स्टुलावर बसून बघितलं की बऱ्याच गाठी आपोआप सुटतात असा माझा अनुभव आहे.

### आधी गोष्ट काय आहे ती

नाटक टेनेसी विल्यम्सचं, 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'. ३ डिसेंबर १९४७ ला ब्रॉडवेवर पहिला प्रयोग, दिग्दर्शक एलिया कझान, जेसिका टँडी ब्लांश आणि तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला मार्लन ब्रँडो स्टॅन्ली. ८५५ प्रयोग झाले, पुलित्झर मिळालं, १९५१ ला सिनेमा आला. आपल्याकडे तेंडुलकरांनी ते 'वासनाचक्र' नावाने मराठीत आणलं. नाव भारी आहे पण त्यात एक गंमत हरवते. मूळ नावातलं डिझायर म्हणजे आधी चक्क ट्रामवरची पाटी आहे, न्यू ऑर्लिन्समध्ये खरंच डिझायर नावाची ट्राम धावायची, आणि नाटक ब्रॉडवेवर जोरात चालू असताना १९४८ ला ती बंद करून तिथे बस आणली.

तर ब्लांश दुब्वा, वय तिशीचं, मिसिसिपीतल्या लॉरेल गावची इंग्लिशची शिक्षिका, मे महिन्यात एक ट्रंक घेऊन धाकट्या बहिणीकडे येते. पत्ता शोधताना सांगते, मला सांगितलं होतं डिझायरच्या ट्राममध्ये बस, मग सिमेट्रीजच्या ट्राममध्ये बदल आणि एलिशियन फील्ड्सला उतर. म्हणजे आधी वासना, मग स्मशान, मग ग्रीक पुराणातला मेलेल्यांचा स्वर्ग. लेखकाने हे काहीही बनवलेलं नाही, तिन्ही नावं त्या शहरात खरी होती. त्याने फक्त तिला त्या क्रमाने बसवलं. अख्खं नाटक पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलंय पण तेव्हा आपल्याला वाटतं बाई रस्ता विचारतेय.

बहीण स्टेला, तिचा नवरा स्टॅन्ली कोवाल्स्की, युद्धावरून आलेला, पत्ते आणि बोलिंगचा शौकीन, तापट. घर दोन खोल्यांचं, मधे नुसता पडदा. स्टेला गरोदर. घराण्याची मोठी इस्टेट होती, बेल रेव्ह नावाची, फ्रेंचमध्ये 'सुंदर स्वप्न', ती कर्जात गेलेली. (फ्रेंच शिकलेले सांगतील की ते व्याकरणाने चुकीचं आहे, 'बेल' नाही 'बो' पाहिजे. स्वप्नाच्या नावातच चूक, आता ती लेखकाने मुद्दाम ठेवली का ते तुम्ही ठरवा.) ब्लांश तिथे पाहुणी म्हणून येते आणि सप्टेंबर उलटला तरी जात नाही, कारण तिला जायला जागाच नसते. पुढे काय होतं ते ओघाने येईलच.

### शोकांतिका म्हणजे नुसता रडका शेवट नव्हे

एकच पारिभाषिक शब्द घेऊ, तोही उरकून टाकू. शोकांतिका. आपल्याला वाटतं शेवटी कोणी मेलं की झाली शोकांतिका, पण तसं असतं तर रोजचा पेपर शोकांतिकांनी भरलेला आहे. जुन्या ग्रीक हिशोबात माणूस मोठा असतो, राजाबिजा, फार चांगला नाही फार वाईट नाही, त्याच्या हातून एक चूक होते, आणि ती चूक त्याच्या स्वभावातूनच आलेली असते, मग त्याच स्वभावाने तो स्वतःला खड्ड्यात नेतो. आपण बघत असतो आणि थांबवू शकत नाही.

आधुनिक नाटकात राजे संपले. नॉर्वेच्या इब्सेनने १८९० ला 'हेडा गाब्लर' लिहिलं त्यात एका दिवाणखान्यात कंटाळलेली बाई आहे, अशा नाटकांतून शोकांतिका घरात शिरली. ब्लांशकडे राज्य नाही, पण पडण्यासाठी उंची लागते ती तिच्याकडे आठवणीतली आहे. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तसा वासा कधीच पोखरलाय पण ती अजून त्या घराच्या चालीने चालते. वाड्यातली बाई चाळीत राहायला आली की तिला शेजारणी काय म्हणतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त समजावायला नको.

### थाप, सोंग आणि भ्रम, हे तीन वेगळे डबे आहेत

आता मूळ मुद्दा. भाचीचा प्रश्न अडतो कारण गाईड या तिन्ही गोष्टी एकाच डब्यात कोंबतं.

थाप म्हणजे मला खरं माहीत आहे, तुला कळू द्यायचं नाही. भ्रम म्हणजे मलाच खरं माहीत नाही. आणि सोंग या दोघांच्या मधलं, म्हणजे मला माहीत आहे, बऱ्याचदा तुलाही माहीत आहे, पण आपण दोघं मिळून तसं नाही असं चालवून घेतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीची आई सांगते पोहे हिनेच केलेत, सगळ्यांना कळतं केले असतील किंवा नसतील, पण "छान झालेत हो" म्हणायचं असतं. ती थाप नव्हे, आणि कोणी भ्रमातही नाही. पण त्या वेळी एखाद्या काकांनी उठून "दाखव बघू फोडणी कशी घालतेस" म्हटलं तर काय होईल? ब्लांशच्या नाटकात ते काका म्हणजे स्टॅन्ली.

पहिल्या प्रवेशातलाच एक तुकडा बघा, माझा फार आवडता आहे. ब्लांश घरात एकटी बसलीये, स्टेला यायचीये. कपाटात व्हिस्कीची बाटली दिसते. उठते, अर्धा ग्लास ओतते, एका दमात पिते, बाटली जागच्या जागी ठेवते, ग्लास नीट विसळून ठेवते. मग स्टेला आल्यावर म्हणते, तुझ्याकडे काहीतरी प्यायला असेलच, कुठे असेल बरं, आणि शोधायचं नाटक करून तीच बाटली "सापडवते". नंतर स्टॅन्ली येतो, तो बाटली हातात घेतो आणि दिव्यासमोर धरून बघतो किती कमी झालीये. ती म्हणते मी क्वचितच घेते. अहो पहिल्याच प्रवेशात सगळं मांडून ठेवलंय! तिने ग्लास विसळला म्हणजे तिला आपण काय करतोय ते शंभर टक्के माहीत आहे. भ्रमात असलेला माणूस ग्लास विसळत नाही.

पुढे ती स्वतः हे बोलूनही दाखवते. दुसऱ्या प्रवेशात स्टॅन्लीला सरळ सांगते की मी बऱ्यापैकी थापा मारते, बाईचं आकर्षण निम्मं भासावरच असतं, पण महत्त्वाच्या गोष्टीत मी खरं बोलते. पाचव्यात स्टेलाला सांगते की नाजूक माणसांना चमकावंच लागतं, दिव्यावर कागदी कंदील चढवावाच लागतो, आणि आता हे मला किती दिवस जमेल कोण जाणे. इतकं स्वच्छ कळणारी बाई वेडी कुठून?

### तो कंदील

कंदिलाबद्दल जरा थांबू, कारण माझं सगळं नाटक त्यातच आहे.

आमच्या ग्रूपने एकदा 'वासनाचक्र' बसवायला घेतलं होतं. तीन महिने तालमी झाल्या, मग ब्लांश करणारीची बदली झाली आणि प्रयोग राहिलाच. पण कंदील मी केला होता. स्टॅन्लीच्या घरात उघडा बल्ब लोंबतोय, ब्लांशला तो सहन होत नाही, ती चिनी दुकानातून एक रंगीत कागदी कंदील आणते आणि तिसऱ्या प्रवेशात मिच नावाच्या स्टॅन्लीच्या मित्राला तो बल्बवर चढवायला सांगते. म्हणते, उघडा बल्ब मला सहन होत नाही, जसं उद्धट बोलणं सहन होत नाही. तर मी आकाशकंदिलाचा कागद आणला, काड्या बांधल्या, आणि पहिल्याच तालमीत मिचने तो फाडायला ओढला तो होल्डरसकट वायर खाली. मग कागदाला आतून ब्लेडने हलक्या रेघा मारल्या म्हणजे ओढला की तिथूनच फाटावा. फार पक्का चालत नाही आणि फार कच्चाही नाही, कारण सहा प्रवेश टिकायला पाहिजे आणि मग नवव्यात मिच फाडतो तेव्हा एका झटक्यात जायला पाहिजे.

हॉलमध्ये शंभरचा पिवळा बल्ब होता. त्याखाली आमची ब्लांश उभी राहिली की डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मेकअपची कड, सगळं दिसायचं. कंदील चढवला की ते तर जायचंच पण दुसरी एक गोष्ट व्हायची जी स्क्रिप्टमध्ये नाही: मिच करणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उघड्या बल्बखाली तो पत्ते खेळायच्या आवाजात बोलायचा आणि कंदिलाखाली हळू, जरा अदबीने. तेव्हा मला कळलं की कंदील ब्लांशचा चेहरा लपवतो हे अर्धंच आहे, तो समोरच्या माणसालाही थोडं बरं करतो.

### हे सोंग कोणाच्या जिवावर चालतं?

एकटीच्या तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण समोरच्याने "उघड" म्हणायचं नाही ही अट असते त्यात. ब्लांशचं सोंग चालतं ते स्टेलाच्या जिवावर. स्टेला नवऱ्याला आधीच पढवून ठेवते की तिच्या कपड्यांचं कौतुक कर, छान दिसतेस म्हण, तिला ते महत्त्वाचं वाटतं. विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करणारी असते ना, तशी स्टेला. आणि मिचच्या जिवावर. मिच बुजरा, आईजवळ राहणारा, आई आजारी आहे, फार दिवस नाहीत, त्याला लग्न करायचंय. तो तिला संध्याकाळनंतरच भेटतो कारण ती त्याआधी भेटतच नाही, आणि कित्येक दिवस त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याला वाटून घ्यायचं नसतं असं माझं मत. त्यालाही कोणीतरी सभ्य, शिकलेली बाई पाहिजेच होती की.

म्हणून मी म्हणतो तिची घसरण तिच्या डोक्यात शोधू नका, आधी तिच्या आजूबाजूला बघा. तिथे एकेक माणूस हात काढून घेतोय.

### पण ही सवय लागली कुठून?

सहाव्या प्रवेशात ती मिचला सांगते. सोळाव्या वर्षी प्रेमात पडली, लग्न केलं, नवरा अ‍ॅलन, कविता करणारा कोवळा पोरगा. एक दिवस न सांगता खोलीत गेली तर तो एका मोठ्या पुरुषाबरोबर. त्या काळात याला नाव सुद्धा घ्यायची सोय नव्हती. तिघांनी काही झालंच नाही असं दाखवलं, गाडी काढून मून लेकच्या कसीनोत गेले, दारू, हसणं, नाच. आणि नाचता नाचता मधेच तिच्या तोंडून निघून गेलं: मी बघितलंय, मला किळस येते तुझी. तो पळत बाहेर गेला आणि बंदुकीचा आवाज आला. तेव्हा वाजत असलेली पोल्का नाचाची धून तिच्या डोक्यात आजही वाजते, तो बंदुकीचा आवाज ऐकू आला की मगच थांबते. आणि ती म्हणते, जगावर टाकलेला मोठा झोत त्या दिवशी विझला, त्यानंतर या स्वयंपाकघरातल्या मेणबत्तीपेक्षा जास्त उजेड माझ्या आयुष्यात कधी आला नाही.

आता नीट बघा. आयुष्यात एकदाच तिने कंदील न लावता, भर नाचात खरं बोललं, आणि माणूस मेला. ग्रीक हिशोबातली ती चूक हीच. लोक तिची चूक खोटं बोलण्यात शोधतात. मला वाटतं उघड्या बल्बची भीती वयापेक्षा या रात्रीची जास्त आहे.

त्यावर मग बेल रेव्ह. स्टेला लवकरच घर सोडून गेली, ही मागे राहिली, एकामागून एक म्हातारे आजारी पडले, मेले, आणि आजोबा-काकांच्या रंगेलपणाने आधीच गहाण पडलेल्या इस्टेटीतून मयतांचा खर्च निघत राहिला. शिक्षिकेच्या पगारात काय भागणार. शेवटी वीसेक एकर आणि स्मशान उरलं. हे तिने एकटीने काढलं, आणि बहिणीने कधी विचारलंही नाही.

### "पण तिनेही वाईट केलंच की"

केलं. यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. लॉरेलमध्ये ती फ्लेमिंगो नावाच्या बदनाम हॉटेलात राहत होती, अनोळखी पुरुषांबरोबर, ते एक वेळ तिचं तिने बघावं. पण नोकरी गेली ती सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणावरून, आणि शिक्षिकेने हे करणं तेव्हाही चूक आणि आजही चूक. पाचव्या प्रवेशात पेपरचे पैसे मागायला आलेल्या पोराला ती जवळ घेते, चुंबन घेते, आणि मग स्वतःलाच म्हणते की मला पोरांपासून लांब राहायला हवं. म्हणजे हेही तिला कळतं. तिचं सोंग जेवढं स्वच्छ कळतं तेवढंच हे. शोकांतिकेची नायिका निरपराध असावी अशी अट कुठेच नाही. निरपराध असेल तर आपण फक्त चुकचुकतो. इथे आपल्याला तिचा राग येतो आणि तरीही पुढचं बघवत नाही, ते कठीण आहे.

### "स्टॅन्ली खरंच तर बोलतोय ना?"

हा आक्षेप दर वेळी येतो, आमच्या तालमीतही यायचा, विशेषतः पुरुषांकडून. तो कष्टकरी माणूस आहे, बायकोची बहीण चार महिने घरात, त्याची दारू पिते, बाथरूम अडवून बसते, वरून त्याला रानटी म्हणते. चिडणारच. मला तो पटतो सुद्धा, पहिले दोनतीन प्रवेश तर मी त्याच्याच बाजूने असतो. बेल रेव्हचे पैसे कुठे गेले विचारतो त्यातही चूक काय? लुइझियानात नेपोलियनचा कायदा आहे, बायकोचं ते नवऱ्याचं, असं तो घोकत असतो, जरा विनोदी आहे पण चालतं.

पण तो खरं कधी बोलतो ते बघा. जेव्हा ते दुसऱ्याचं असतं तेव्हा. स्वतःबद्दल? शेवटच्या प्रवेशात पत्ते खेळताना तो म्हणतो, नशीब म्हणजे आपण नशीबवान आहोत असं मानणं, महायुद्धात सालेर्नोच्या लढाईत पाचातले चार मरणार हे ठाऊक होतं पण मी मानलं की मी वाचणार आणि वाचलो. म्हणजे काय? त्याच्याही बल्बवर कंदील आहेच की. फक्त त्याचा कोणी ओढत नाही, घर त्याचं आहे ना.

### घसरण कशी होते, पायरी पायरीने

फ्यूज उडाल्यासारखी एकदम नाही होत, उजेड हळूहळू कमी करायचा डिमर खाली आणावा तशी होते. बाटली, मग स्टॅन्ली तिची ट्रंक उचकटून कपडे बाहेर काढतो, मग पाचव्यात त्याचं "शॉ नावाचा माणूस लॉरेलला जात असतो, तुला ओळखतो म्हणतो" एवढंच एक वाक्य आणि तिचा हात थरथरतो. सातव्यात, सप्टेंबरच्या मध्याला, तिचा वाढदिवस. ती आंघोळ करत गाणं म्हणतेय, कागदी चंद्राचं, तू विश्वास ठेवलास तर खोटं वाटणार नाही अशा अर्थाचं, आणि बाहेर त्याच वेळी स्टॅन्ली स्टेलाला सगळी कुंडली वाचून दाखवतोय. आठव्यात केक टेबलावर, मिच येत नाही. स्टॅन्लीची भेट म्हणजे लॉरेलचं परतीचं बसचं तिकीट.

नवव्यात मिच येतो, दारू पिऊन. म्हणतो मी तुला उजेडात कधी बघितलंच नाही. कंदील ओढून फाडतो, बल्ब लावतो, तिच्याकडे टक लावून बघतो. तिथे ती म्हणते मला वास्तव नको, जादू हवी, मी खरं काय आहे ते सांगत नाही, खरं काय असायला हवं होतं ते सांगते. गाईड या वाक्याखाली "भ्रमाचा पुरावा" लिहितं. अहो, "असायला हवं होतं" म्हणणाऱ्याला "आहे" काय ते माहीत असतंच की! तेवढ्यात बाहेर मेक्सिकन बाई मयताची फुलं विकत जाते.

आणि दहावा. स्टेला बाळंतपणाला हॉस्पिटलात. ब्लांश मळकट पांढरा सॅटिनचा गाऊन आणि खोट्या हिऱ्यांचा मुकुट घालून आरशासमोर, आजूबाजूला नसलेल्या चाहत्यांशी बोलतेय. पहिल्यांदाच तिच्या सोंगाला प्रेक्षक नाहीत. स्टॅन्ली येतो. ती सांगते शेप हंटली नावाच्या श्रीमंत मित्राची तार आली, क्रूझवर बोलावलंय. वर जोडते की मिचही गुलाब घेऊन माफी मागायला आला होता. स्टॅन्ली विचारतो, हे तार येण्याआधी का नंतर? आणि ती अडखळते: कुठली तार? नाही, नंतर! या अडखळण्याकडे कोणी बघत नाही. भ्रमात असलेली बाई इथे अडखळली नसती, तिच्यासाठी तार खरी असती. ती पकडली गेली म्हणजे अजूनही थापच मारत होती, अजूनही शुद्धीत होती. त्यानंतर ती बाटली फोडून त्याला लांब ठेवायचा प्रयत्न करते आणि तो तिच्यावर बलात्कार करतो.

अकरावा प्रवेश काही आठवड्यांनंतरचा. आता ती खरोखर शेप हंटलीची वाट बघत असते.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही खरं आहे पण एका वेळी नाही. दहा प्रवेश ती सोंग करते आणि अकराव्यात भ्रमात असते, आणि मधली उडी आपल्याला स्टेजवर दाखवलेलीच नाही. ती उडी तिला मारायला लावली त्या माणसाने ज्याला म्हणे खोटेपणाचा तिटकारा होता.

### "म्हणजे सगळा दोष समाजाचा?"

इतकंही सोपं नाही. मन आधीच नाजूक होतं, दारू होती, पोल्का वाजत होती. काही अभ्यासक लेखकाच्या बहिणीकडे बोट दाखवतात, रोझकडे, १९४३ ला तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया झाली होती, आणि बाईला "वेडी" ठरवून घरातून हलवणं म्हणजे काय ते विल्यम्सला घरातच कळलं होतं. पण ब्लांश म्हणजे रोझ असं मी म्हणणार नाही.

मला जास्त छळतं ते दुसरंच. ब्लांशने बहिणीला जे झालं ते सांगितलेलं असतं. लांडगा आला रे आलाच्या गोष्टीतल्यासारखं, या वेळी लांडगा खरा असतो. आणि स्टेला शेजारच्या यूनिसला म्हणते, तिच्यावर विश्वास ठेवून मला स्टॅन्लीबरोबर राहता आलं नसतं. यूनिस म्हणते विश्वास ठेवूच नकोस, संसार चालू राहायला हवा. हे वाक्य आपण किती घरांत ऐकलंय हो! आता सांगा कंदील कोणी लावलाय? डॉक्टर आणि मेट्रन (मोठी नर्स) ब्लांशला मनोरुग्णालयात न्यायला येतात आणि तिला नेलं जातं म्हणून स्टेलाचा कंदील शाबूत राहतो. सेन्सॉरच्या दबावाखाली १९५१ च्या सिनेमात शेवट बदलला, तिथे स्टेला बाळ घेऊन मी आता परत जाणार नाही म्हणते. अ‍ॅलनचं प्रकरणही धूसर केलं. व्हिव्हियन लीला ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं, पण तो शेवट बघून लोक हुश्श करून घरी गेले. नाटकात ती सोय नाही.

जाता जाता स्टॅन्ली विचारतो, काही विसरलीस का, का हा कंदील पाहिजे तुला? आणि बल्बवर परत चढवलेला तो कंदील ओढून तिच्यासमोर धरतो. तिथे लेखकाने कंसात लिहिलंय की ती अशी किंचाळते जणू तो कंदील म्हणजे तीच. मेट्रन तिला जमिनीवर दाबून धरते. डॉक्टर डोक्यावरची हॅट काढतो, अदबीने बोलतो, आणि ती शांत होते, हात पुढे करते, आणि परक्यांच्या मायेवरच मी आजवर जगत आले हे तिचं प्रसिद्ध वाक्य म्हणते. मला ते वाक्य ऐकताना दर वेळी मिच करणाऱ्याचा खाली आलेला आवाज आठवतो. एवढंच लागत होतं तिला, कोणीतरी आवाज खाली आणायला.

तालमीत मी दिग्दर्शकाला विचारलं होतं, ब्लांश दारातून गेली की ब्लॅकआउट देऊ ना? मला वाटलं नाटक तिचं आहे, ती गेली की संपलं. तो म्हणाला थांब. ती जाऊ दे, स्टेला रडू दे, स्टॅन्ली तिला जवळ घेऊ दे. मग पत्त्यांच्या टेबलावरचा स्टीव्ह म्हणेल की हा डाव सेव्हन-कार्ड स्टडचा, म्हणजे पोकरच्या एका प्रकाराचा. बल्ब तसाच उघडा ठेव, पत्ते वाटताना सगळ्यांचे हात दिसले पाहिजेत. त्यानंतर अंधार.